यंत्रास दृष्टी देणारे आणि त्यांचा जीवनगौरव

(मंडळाच्या अमरावती येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या वर्षापासून आपल्या मंडळाच्या वतीने एक जीवनगौरव पुरस्कार द्यावयाचा, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे. एका उदार सभासदांनी त्याकरिता निधी देऊ केला असून नियमांचा मसुदा अकोल्याच्या बैठकीत तयार झाला आहे. तो आज दुपारच्या सभेपुढे यावयाचा आहे. मला मात्र चिटणिसांची आज्ञा वेगळीच होती. विद्यार्थ्यांना संगणकशास्त्रातील एखादा विषय समजावून सांगावा, असे त्यांनी कळविले होते. ही दोन्ही कामे एकाच व्याख्यानात साधतात काय, ते पाहावे अशा हेतूने मी आजचा विषय निवडला. संगणकाला पाहावयास शिकविण्यात ज्यांनी आपली हयात घालविली, अशा शास्त्रज्ञांना एक जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. अझ्रिएल रोझेनफेल्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची हकीकत मी सांगणार आहे, आणि शेवटी मसुद्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा मागणार आहे.

प्रथम हे शास्त्र कोणते, ते सांगितले पाहिजे. अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी येऊन उभी राहिली म्हणजे जाणता व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, उलटापालटा करतो आणि पाहता पाहता प्रत सांगतो. यात कवडी किती, पत्ती किती, माल ओलसर आहे की कोरडा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. आता गंमत अशी की, गाडी झाडाच्या सावलीत असली काय आणि भर उन्हात असली काय, त्याचा निर्णय बदलत नाही. वास्तविक उन्हातील मळकट कापसापासून डोळ्यांत शिरणारा प्रकाश हा सावलीतील शुभ्र कापसाच्या प्रकाशाहून किती तरी अधिक असतो. तरीही डोळा मळकटास मळकट आणि शुभ्रास शुभ्रच म्हणतो. हे काम संगणकास सांगून पाहा. त्याच्यापुढे छायाचित्र ठेवले तर त्याला दिसते ती आकड्यांची एक भली मोठी जाळी. अमुक घरात इतका उजेड, तमुक घरात तितका. हा कापूस, ही सावली, हा बैलाचा पाय, असे त्या आकड्यांत कोठेही लिहिलेले नसते. आकड्यांतून वस्तू ओळखून काढण्याच्या या विद्येस आपण यंत्रदृष्टी म्हणू.

आरंभी ही विद्या फारच सोपी वाटली होती. १९६६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत सीमूर पेपर्ट यांनी एक टिपण लिहिले. उन्हाळ्याच्या सुटीत रिकाम्या असणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून यंत्रदृष्टीचा एक महत्त्वाचा भाग उभा करावयाचा, अशी ती योजना होती. चित्रातील वस्तू कोणती आणि तिच्यामागील जागा कोणती हे यंत्राने वेगळे काढावे आणि पुढे वस्तूंची नावेही सांगावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. तो उन्हाळा संपला आणि त्यानंतर पन्नासांहून अधिक उन्हाळे गेले. जे काम सुटीत संपावयाचे होते, त्याला माणसांची आयुष्ये लागली. या शास्त्रात जीवनगौरवाची आवश्यकता का भासली, याचे उत्तर मला या एका टिपणात सापडते. दहावीस वर्षे काही हाती न लागता जो प्रश्नाला चिकटून राहतो, त्याचे माप एखाद्या वर्षाच्या यशाने घेता येत नाही.

ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे, ते रोझेनफेल्ड १९३१ साली न्यूयॉर्क येथे एका यहुदी धर्मगुरूच्या घरी जन्मले. त्यांनी स्वतःही धर्मगुरूची दीक्षा घेतली होती. कोलंबिया विद्यापीठातून १९५७ साली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. हिब्रू साहित्यातही त्यांनी तीच पदवी घेतली होती. आपल्याकडे वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ गणिताचे प्राध्यापक असावेत, तसा हा प्रकार. १९६४ साली ते मेरिलँड विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९६९ साली त्यांचा ‘पिक्चर प्रोसेसिंग बाय कॉम्प्युटर’ हा ग्रंथ निघाला. संगणकाने चित्रावर संस्कार कसे करावेत, या विषयावरील तो पहिला पाठ्यग्रंथ समजला जातो. १९७२ साली या विषयाला वाहिलेले नियतकालिक त्यांच्या संपादनाखाली सुरू झाले. ग्रंथ तीसांहून अधिक, शोधनिबंध सहाशेंवर. परंतु मला त्यांचे जे काम सर्वांत मोलाचे वाटते, ते या संख्येत येत नाही.

हे गृहस्थ दरवर्षी एक सूची तयार करीत असत. त्या वर्षात यंत्रदृष्टीवर जगात कोणी कोणी काय लिहिले, त्याची विषयवार वर्गवारी करून ती ते छापीत. हा क्रम सुमारे तीस वर्षे चालला. आज ग्रंथशोध घरबसल्या होतो. त्या काळी एखाद्या दूरच्या प्रयोगशाळेतील तरुणाला आपला निबंध कोणी वाचला की नाही, हेही कळत नसे. रोझेनफेल्डांच्या सूचीत नाव आले म्हणजे आपण या शास्त्राच्या पंक्तीत बसलो, असे त्याला वाटत असेल तर नवल नाही. स्वतः मोठा संशोधक असून इतरांच्या कामाची नोंद ठेवण्यात जो वर्षातले कित्येक महिने घालवितो, त्याच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. हा स्वभाव विद्वानांत दुर्मिळ असतो. जातिसंस्थांतही तो फारसा आढळत नाही.

२००४ साली ते वारले. पुढे २००७ साली रिओ द जानेरो येथे यंत्रदृष्टीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात हा पुरस्कार सुरू झाला. ही परिषद एक वर्षाआड भरते, म्हणून पुरस्कारही एक वर्षाआड दिला जातो. जगभर हजारो लोक ज्या विषयात राबत आहेत, त्यालाही दरवर्षी जीवनगौरवाची आवश्यकता भासत नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच परिषदेत आणखी एक पारितोषिक १९८७ पासून दिले जाते, ते डेव्हिड मार यांच्या नावाचे. त्या परिषदेतील सर्वोत्तम निबंधास ते मिळते. मार हे इंग्लंडचे. मेंदू कसा पाहतो, या प्रश्नाची मांडणीच त्यांनी नव्याने केली आणि १९८० साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्यांचा ‘व्हिजन’ हा ग्रंथ १९८२ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. अल्पायुषी माणसाच्या नावाने एका निबंधाचा गौरव आणि दीर्घकाळ काम केलेल्या माणसाच्या नावाने अवघ्या आयुष्याचा गौरव, अशी ही वाटणी आहे. ती कोणी मुद्दाम योजिली असेल असे नाही. पण मारांचे आयुष्य पस्तीस वर्षांचे असले तरी त्यांच्या कामाचे आयुष्य मोठे ठरले. त्यांचे सहकारी तोमासो पोज्जो यांना २०१७ साली आणि त्यांचे विद्यार्थी शिमोन उल्मन यांना २०१९ साली रोझेनफेल्ड पुरस्कार मिळाला.

आता पहिल्या दोन मानकऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे विद्यार्थ्यांना शास्त्राचा एक नमुना पाहावयास मिळेल. अमरावतीहून परतवाड्याकडे बसने जाताना खिडकीतून पाहा. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडे सपाट्याने मागे पळतात, शेतातील विहीर सावकाश सरकते आणि गाविलगडचा डोंगर जागचा हलत नाही. काय जवळ आहे आणि काय दूर आहे, हे डोळा या सरकण्यावरून ओळखतो. यंत्राला हे कसे शिकवावे? एका क्षणाचे चित्र आणि त्यानंतरच्या क्षणाचे चित्र अशी दोन चित्रे घ्यावयाची, आणि प्रत्येक बिंदू कोठून कोठे गेला ते काढावयाचे. अडचण अशी की, एका बिंदूच्या उजेडावरून समीकरण एकच मिळते आणि अज्ञात राशी दोन असतात: आडवे सरकणे किती आणि उभे सरकणे किती. शाळेतील मुलगाही सांगेल की, एका समीकरणात दोन अज्ञात सुटत नाहीत.

१९८१ साली या कोड्याची दोन उत्तरे निघाली. ताकेओ कानादे आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस लुकास यांनी म्हटले की, लहानशा तुकड्यातील शेजारशेजारचे बिंदू मिळूनच सरकतात असे धरू. म्हणजे समीकरणे अनेक होतील आणि उत्तर निघेल. बर्थोल्ड हॉर्न आणि त्यांचे विद्यार्थी ब्रायन शुंक यांनी म्हटले की, संपूर्ण चित्रात हालचाल हळूहळू बदलत जाते असे धरू, आणि त्या अटीखाली सगळ्या बिंदूंचे उत्तर एकदम काढू. एकाने वाडीचा विचार केला, दुसऱ्याने गावाचा. दोन्ही रीती आजही शिकविल्या जातात. रोझेनफेल्ड पुरस्कार २००७ साली कानादे यांना आणि २००९ साली हॉर्न यांना दिला गेला. एका प्रश्नाचे दोन वेगळे मार्ग काढणाऱ्या दोघांनाही, एकामागून एक, त्याच व्यासपीठावर बोलाविले गेले. आपल्याकडे अशा वेळी दोन गट पडले असते आणि दुसऱ्या गटाने दुसरा पुरस्कार काढला असता.

हॉर्न यांच्या त्या विद्यार्थ्यापासून एक धागा आपल्या विदर्भात येतो. ‘मशीन व्हिजन’ नावाचा एक प्रसिद्ध पाठ्यग्रंथ १९९५ साली निघाला. त्याचे तीन लेखक आहेत: रमेश जैन, रंगाचार कस्तुरी आणि हेच ब्रायन शुंक. यांतील प्रा. रमेश जैन नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६९ चे पदवीधर होत. हलत्या दृश्यांचे विश्लेषण संगणकाने कसे करावे, यावर त्यांनी १९७० नंतरच्या दशकातच काम केले आणि पुढे अमेरिकेतील विद्यापीठांतून हा विषय वाढविला. त्याच महाविद्यालयातून चार वर्षे आधी, १९६५ साली, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर अभियंता होऊन बाहेर पडले होते. १९९१ साली ‘परम’ महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, ते हेच. हे सांगण्यात माझा हेतू अभिमान मिरविण्याचा नाही. ज्या महाविद्यालयात ही मुले शिकली ते १९६० साली स्थापन झालेले, म्हणजे अगदी नवे होते. त्या वर्गांत त्यांना गणित आणि विद्युत्शास्त्र शिकविणारे अध्यापक कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

सर्व मानकऱ्यांविषयी मी सारखेच बोलणार नाही. फ्रान्सचे ऑलिव्हिए फोजेरा यांनी अनेक चित्रांवरून घनाकार वस्तू उभी करण्याचे गणित सिद्ध केले. हॉलंडचे यान कूंडरिंक हे मानवी दृष्टीचे अभ्यासक, आणि त्यांचे पुष्कळसे काम पत्नी आंद्रेआ फान डूर्न यांच्यासह झालेले आहे. २०२३ चे मानकरी एडवर्ड ॲडेलसन यांचे एक चित्र मात्र विद्यार्थ्यांनी अवश्य मिळवून पाहावे. बुद्धिबळाच्या पटावर एका लोडासारख्या वस्तूची सावली पडली आहे. सावलीतील एक पांढरे घर आणि सावलीबाहेरील एक काळे घर यांचा रंग तंतोतंत एकच आहे, आणि ते कोणास पटत नाही. मधला भाग कागदाने झाकल्यावरच विश्वास बसतो. कापसाच्या व्यापाऱ्याचा डोळा सावलीत का फसत नाही, त्याचे हे दुसरे अंग आहे. सावली वजा करण्याची डोळ्याची सवय इतकी पक्की आहे की, जेथे ती नको तेथेही ती चालते.

ज्यांच्याविषयी थांबून बोलावे असे वाटते, त्या म्हणजे रुझेना बाइची. जन्म १९३३, ब्रातिस्लाव्हा येथील यहुदी कुटुंबात. १९४४ च्या अखेरीस नाझींनी त्यांच्या घरातील बहुतेक वडीलधारी माणसे मारली. त्या आणि त्यांची बहीण एवढ्याच राहिल्या. रेड क्रॉसच्या आधाराने, अनाथालयांत आणि परक्या घरांत त्या वाढल्या. १९६७ साली विद्युत् अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या स्लोव्हाकियातील पहिल्या महिला ठरल्या. नंतर अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे त्यांनी १९७२ साली दुसरी डॉक्टरेट घेतली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात यंत्रमानवाची प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा विचार ऐकावयास साधा आहे. तोवर बहुतेकांनी असे धरले होते की, छायाचित्र समोर आले आहे, आता त्यातून काय निघते ते काढावयाचे. बाईंनी १९८८ च्या एका निबंधात सांगितले की, पाहणे म्हणजे हातपाय बांधून बसणे नव्हे. आपण मान वळवितो, जवळ जातो, वस्तू हातात घेऊन फिरवितो; काय पाहावयाचे आहे त्याप्रमाणे डोळा हलतो. वरूड-मोर्शीकडील बागवान संत्रे झाडावरच तोडण्याआधी ते बोटांनी थोडे फिरवून पाहतो, ते याचसाठी. अकोल्याच्या व्यापाऱ्याने कापूस उलटापालटा केला, तो काही उगाच नव्हे. २०२१ साली त्यांना रोझेनफेल्ड पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते आणि त्या मालिकेतील त्या पहिल्या स्त्री होत्या. पहिल्या सात मानकऱ्यांत एकही स्त्री नसावी, ही उणीव तेथेही होती, हे आपण झाकू नये.

२०११ चे मानकरी टॉमस ह्वांग शांघायचे. तैवानात शिकून ते अमेरिकेत गेले. त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळविली. २०२० साली ते वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ जे पारितोषिक सुरू झाले, ते देताना संशोधनाबरोबरच उमेदवाराने विद्यार्थी किती घडविले आणि शास्त्राची सेवा किती केली, हेही पाहिले जाते.

एवढ्या सगळ्याचा आपल्या शेताशी काय संबंध, असे कोणी विचारील. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातील कापसाची काय दशा केली, ती येथे सांगावयास नको. शेतात कामगंध सापळे लावावयाचे, त्यांत अडकलेले पतंग मोजावयाचे आणि संख्या मर्यादेबाहेर गेली तरच फवारणी करावयाची, हा कृषिशास्त्राचा जुना सल्ला आहे. मोजणीचा कंटाळा हीच त्यातील अडचण. मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने अशी योजना तयार केली की, सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावयाचे आणि संख्या संगणकाने सांगावयाची. पतंग मोजणाऱ्या त्या मोबाइलमागे चित्रातून वस्तू वेगळी काढण्याचा तोच जुना प्रश्न आहे. अर्थात हीच विद्या चौकाचौकांत माणसांचे चेहरे टिपण्याकडेही वापरली जाते. कानादे यांनी तरुणपणी क्योटो येथे संगणकाने चेहरा ओळखण्यावरच प्रबंध लिहिला होता. पुरस्काराने कामाचा गौरव होतो; त्या कामाचा पुढे कोण काय उपयोग करतो, याची जबाबदारी समाजाला निराळी घ्यावी लागते.

महाराष्ट्राचे नाव निघाले म्हणून नाशिकचे रमेश रासकर यांचाही उल्लेख करतो. प्रकाशाचा प्रवासच टिपावा, सेकंदास सुमारे एक लक्ष कोटी चित्रे या गतीने, असे तंत्र त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. भिंतीवरून उसळून आलेल्या प्रकाशावरून कोपऱ्यापलीकडची वस्तू ओळखण्याचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली त्यांना पाच लक्ष डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले. ते उमेदीच्या वयातील संशोधकांसाठी होते. पुढील कामाला बळ यावे हा त्याचा हेतू. भर वयातील माणसाला पैसा द्यावा आणि वृद्धाला मान द्यावा, ही रीत मला शहाणपणाची वाटते. आपल्या मसुद्यात मात्र पंचाहत्तर वर्षांवरील गृहस्थास मोठी रक्कम आणि विद्यार्थ्यास एक पेला व प्रमाणपत्र, असा क्रम योजिला आहे. तो उलटा करावा.

आता मसुद्याविषयीच बोलतो. त्यातील दुसऱ्या कलमाप्रमाणे उमेदवाराने एखादे मानाचे पद भूषविलेले असले पाहिजे. मी ज्या नऊ मानकऱ्यांची हकीकत सांगितली, त्यांतील कोणाची निवड पदावरून झालेली नाही. पद भूषविणाऱ्याचा सत्कार पदावर असतानाच पुष्कळ वेळा होऊन गेलेला असतो. तिसऱ्या कलमाप्रमाणे निवड देणगीदार आणि पदाधिकारी मिळून करणार. शेतीतील मनुष्य शेतकऱ्यांनी निवडावा, शिक्षक त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सुचवावा. देणगीदारांनी फार तर हार घालावा.

चौथे कलम, उमेदवार आपल्याच समाजाचा असावा, हे नाजूक आहे, आणि या व्यासपीठावर त्याविषयी बोलताना मी शब्द तोलून वापरतो. जपानी, चिनी, डच, फ्रेंच, इटालियन, इस्रायली, स्लोव्हाक अशी माणसे एका यहुदी धर्मगुरूच्या नावाचा पुरस्कार घेऊन गेली, आणि त्यामुळे त्या नावाचा मान वाढला. शिष्यवृत्ती आपल्या मुलांना द्या, वसतिगृहात आपल्या मुलांना जागा ठेवा. मंडळ त्यासाठीच स्थापन झाले आहे. परंतु ज्या परजातीच्या गुरुजींनी आपल्या दोन पिढ्यांना फी न घेता गणित शिकविले, त्यांचा गौरव या मंडळाने न केल्यास कोणी करावयाचा?

आणि पुरस्कार दरवर्षी देण्याची घाई नसावी. एक वर्षाआड द्यावा. योग्य मनुष्य न सापडल्यास तो तसाच ठेवावा. पहिल्या वर्षासाठी मी एक नाव मनात धरले आहे, पण ते उच्चारणार नाही. आपल्या वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलाचे गाव, वडिलांचा धंदा, परीक्षेचे गुण आणि पुढे तो कोठे गेला, याची नोंदवही एका व्यक्तीने चाळीस वर्षे ठेवली आहे. त्या व्यक्तीस मंडळाने आजवर एकही पद दिलेले नाही. ती वही कार्यालयाच्या कपाटात आहे. दुपारच्या सभेपूर्वी कार्यकारिणीच्या सभासदांनी ती एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.